आधी आपले हात

आमच्या घरमालकांनी कुणाकडे गेल्यावर "येऊ का आत?" असं कधी विचारलं नाही. आधी स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांचं नाक दिसायचं आणि मग प्रश्न यायचा, "झाकण ठेवलंत का?" तुम्हाला ताप असो, घरात पाहुणे असोत, नवराबायकोची जुंपलेली असो, पातेल्यावर झाकण आहे की नाही हे कळेपर्यंत त्यांना दुसरं काही ऐकूच यायचं नाही. झाकण नसलं तर ते चपला काढून आत यायचे, स्वतःच्या हाताने ठेवायचे आणि मग म्हणायचे, "हं, आता बोला. ताप किती आहे?"

मी त्यांना काका म्हणत असे. वाडीतले लोक तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'ॲटम'. मुंबईच्या अणुसंशोधन केंद्रात उभी हयात काढून ते निवृत्त झाले होते आणि मिरजोळ्याजवळ वडिलांच्या घरी येऊन एकटेच राहत होते. लग्न केलं नव्हतं. किरणांमुळे राहिलं, अशी वाडीत वदंता होती. मला विचाराल तर किरणांचा काही संबंध नाही. आमटीला एक उकळी आली की जाळ बंद, असा कायदा असलेल्या घरात कुठली बाई नांदणार होती? मी भाडेकरू म्हणून नांदले तेच पुष्कळ झालं.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. माझं नवीनच लग्न झालेलं. मी जवळच्या शाळेत शिकवायला लागले होते आणि आमचे हे वर कातळावरच्या औद्योगिक वसाहतीत, कोळंबी गोठवायच्या एका कारखान्यात थंडाव्याची यंत्रं सांभाळायचे. आम्ही सांगलीकडची माणसं. सात पिढ्यांत घरात कुणी मासा शिवला नव्हता, आणि मुलगा रोज अंगाला कोळंबीचा वास घेऊन घरी येतो हे सासूबाईंनी कुलदैवताच्याही कानावर घातलं नव्हतं. पण ही नोकरी फार वाट बघून मिळालेली होती. ती गेली असती तर सांगलीला दिराच्या संसारात एका खोलीत जाऊन बसायचं, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून वासाबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही.

काकांच्या सदऱ्याच्या खिशावर एक चपटी डबी टाचलेली असायची. केंद्रात काम करणाऱ्यांच्या छातीला फिल्मचा बिल्ला लावत, अंगावर किती किरण पडले ते कळावं म्हणून. काकांचा बिल्ला निवृत्त होताना परत गेला. पण छातीला हात लावला आणि तिथे काही लागलं नाही की त्यांना उघडंवाघडं वाटायचं. म्हणून त्यांनी तेवढ्याच आकाराची एक प्लॅस्टिकची डबी शोधून काढली होती आणि तिच्यात ते दातकोरणी ठेवत. वाडीतली पोरं शाळेत जाताना डबी काळी पडली नाही ना, एवढं बघून जात. डबी काळी पडली की सगळ्यांनी पळायचं असं त्यांचं ठरलेलं होतं.

त्यांचे हापूस आंबे इतरांच्यापेक्षा उशिरा डागाळत. साहेब आंब्यांना किरण दाखवतात, असं सगळे खात्रीने सांगत. वास्तविक ते आंबे काही वेळ गरम पाण्यात बुडवून काढत, बस्स. ते पाणीदेखील छपरावरच्या काळ्या रंगवलेल्या पिंपात उन्हाने तापवलेलं. हे त्यांनी शंभरदा समजावलं असेल. पण गरम पाण्यात काय गंमत आहे? आमच्या खालच्या घरची भागीआजी म्हणायची, साहेबांचा आंबा खाल्ला की रातच्याला दिवा लावाया नको.

दिवा हा विषय निघालाच आहे तर सांगते. काकांच्या अख्ख्या घरात एकच बल्ब होता. त्याला लांबलचक वायर. काका माजघरात गेले की बल्ब माजघरात, पडवीत आले की पडवीत. माणूस एक, तर दिवे दोन कशाला, असा सवाल. भात ते जाळावर शिजवतच नसत. एक उकळी आणून पातेलं उचलायचं आणि भाताचं तूस भरलेल्या लाकडी पेटीत पुरून ठेवायचं. दुपारी काढलं की मऊ भात तयार. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले, मग एकदा करून बघितलं, आणि मग मला गप्प बसावं लागलं.

माणूस नुसता चिक्कू होता असं मात्र कुणी समजू नये. भागीआजीला धुरामुळे जुना खोकला होता. काकांनी तिच्या पडवीत उकिडवं बसून, चिखलात हात घालून तिला नवी चूल घालून दिली, तिचा धूर नळीवाटे छपराबाहेर जायचा. आजीचा खोकला उतरला. तेव्हापासून तिच्याकडे कुळीथ झाले की पहिली पायली काकांकडे यायची.

आता त्यांचं एक ठरलेलं वाक्य. केंद्रात म्हणे किरण मोजायचा मीटर अचानक कडकडायला लागला की नवखी माणसं यंत्राला दोष देत, नाहीतर शेजारच्या टेबलाकडे बघत. जुनी माणसं आधी आपले हात मीटरखाली धरून बघत, कारण बरेचदा घाण तिथेच लागलेली असे. "मीटर वाजला की आधी आपले हात बघायचे," हे काका उठता बसता ऐकवायचे. चष्मा सापडेना, आधी आपले हात. दूध नासलं, आधी आपले हात. एकदा माझ्या वर्गातली निम्मी मुलं गणितात गेली म्हणून मी करवादत होते, तर खिडकीतून उत्तर आलं, "मास्तरीणबाई, आधी आपले हात." असा संताप आला होता मला! त्या दिवशी मी मुद्दाम पातेल्यावरचं झाकण काढून ठेवलं.

त्यांचा जीव की प्राण म्हणजे घरामागचा गोबर गॅस. तो त्यांनी स्वतः आखून, गड्यांबरोबर स्वतः खणून बांधला होता. दोन गाईंचं शेण त्यात जायचं आणि त्याच्या गॅसवर त्यांची शेगडी चालायची, माझीही चालायची. निळी, स्वच्छ, धूर नसलेली ज्योत. आल्यागेल्याला ते शेगडी पेटवून दाखवत आणि कौतुकाने बघत उभे राहत. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनाही दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "गाईच्या शेणाचा गॅस म्हणजे पवित्रच हो." काकांनी तिथे थांबावं की नाही? पण नाही. शास्त्रीय सत्य अर्धं सांगायचं नसतं. त्यांनी खुलासा केला की नुसतं शेण नाही, घरातले दोन्ही संडासही त्यालाच जोडलेले आहेत.

सासूबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. राहिलेले सगळे दिवस त्या केळी आणि कालवलेल्या पोह्यांवर राहिल्या, आणि सांगलीला जाऊन त्यांनी काय काय सांगितलं असेल ते मी आजवर विचारलेलं नाही.

त्या गोबर गॅसमधून बाहेर पडणारा रबडा साठवायला काकांनी खालच्या अंगाला एक खड्डा काढला होता. सरळ जांभ्यात कोरलेला. तिकडे सगळं जांभ्यातच असतं. घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, विहिरी जांभ्यात खोदलेल्या, आणि कोरलेल्या जांभ्याला गिलावा करायची कुणाची पद्धत नाही. गवंडी तरी म्हणाला होता, साहेब, तळाला सिमेंट मारूया. काकांनी त्यालाच धारेवर धरलं. एक पोतं सिमेंट भाजायला किती कोळसा जळतो, ठाऊक आहे का? ज्या खड्ड्याने जळण वाचवायचं, त्याच्यासाठीच जळण जाळायचं?  सिमेंट लागलं नाही, आणि काका पुढे कित्येक दिवस त्या वाचलेल्या कोळशाबद्दल बोलत होते.

वाडी उतारावर होती. सगळ्यात वर कातळ आणि त्यावर कारखाने. त्याखाली आमची, म्हणजे काकांच्या अंगणातली विहीर. मग घर, मग भागीआजीचं घर, आणि त्याखाली वाडीची सामाईक बाव. विहिरीला तिथे बाव म्हणतात. अख्खी वाडी त्या बावीचं पाणी प्यायची.

एका वर्षी दिवाळीनंतर त्या बावीच्या पाण्याला वास यायला लागला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग घराघरातून जुलाब सुरू झाले. भागीआजीच्या नातवाला सरकारी दवाखान्यात सलाईन लावायची पाळी आली. पोर वाचलं. वाडीतल्या बायका आमच्या विहिरीवरून पाणी नेऊ लागल्या. काकांनी तर फाटकच काढून ठेवलं, विचारायला नको म्हणून. आणि पाणी कशाने बिघडलं यावर सगळ्यांचं एकमत होतं. वर कोळंबीचा कारखाना, खाली कुजका वास. आणखी पुरावा काय पाहिजे?

काका पेटले. जमिनीखालून पाणी कुठून कुठे जातं हे शोधण्यातच त्यांची नोकरी गेली होती. धरणाच्या पोटातून पाझर कुठे फुटतो, बंदरातला गाळ कुठे सरकतो, ते पाण्यात थोडं किरणोत्सारी द्रव्य सोडून हुडकायचं, हे त्यांचं काम. त्यांनी प्रदूषण बघणाऱ्या सरकारी साहेबांकडे अर्ज केला. एवढा जाणकार माणूस सही करून लिहितोय म्हटल्यावर साहेब आले, नाक मुरडून गेले, आणि उलगडा होईपर्यंत कारखाना बंद ठेवायला सांगून गेले.

हे घरी बसले. वाडीतल्या कोळंबी सोलायला जाणाऱ्या बायकाही घरी बसल्या. मालक मुंबईचा होता. महिनाभरात सुरू झालं नाही तर यंत्रं उचलून दुसरीकडे नेतो, असं त्याने स्वच्छ सांगितलं. आणि ज्यांनी हे घडवलं ते रोज सकाळी माझ्या खिडकीत येऊन झाकण विचारत होते. काय बोलावं माणसाने? घर त्यांचं, शेगडी त्यांची, आणि वाडीतली पोरं आजारी पडतायत हेही खोटं नव्हतं.

पुरावा पक्का करायला काकांनी केंद्रातल्या जुन्या मित्राकडून एक रंग मागवला. किरणांचा नव्हे, साधा, निरुपद्रवी. तांबूस पूड, पण पाण्यात पडली की झगझगीत पोपटी होणारी. मालकाच्या परवानगीनेच त्यांनी ती कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत ओतली, वरून भरपूर पाणी सोडलं आणि रोज बावीवर जाऊन पाणी बघू लागले. आठवडा गेला. बावीत हिरवं काही दिसेना. उलट कारखान्याच्या पलीकडच्या पऱ्यात, म्हणजे डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यात, पाणी पोपटी झालं. तरी काकांचं आपलं एकच, जांभा म्हणजे चाळण, त्यातून पाणी सरळ चालत नाही, उशिरा येईल. आणखी थोडं थांबू.

एके दिवशी ह्यांनी सांगलीला जायची ट्रंक माळ्यावरून खाली काढली होती. मी त्या ट्रंकेकडे बघत भात टाकला होता आणि खिडकीतून आवाज आला, "झाकण ठेवलंत का?"

माझा तोल गेला. मी बाहेर आले आणि म्हटलं, "काका, कारखान्याचं पाणी वाडीच्या बावीत जायचं तर वाटेत आपली विहीर लागते. आपलं पाणी चांगलं कसं?"

ते जांभ्याबद्दल काहीतरी सांगू लागले. मी त्यांना पुरं करू दिलं नाही.

"मीटर वाजला की आधी कुणाचे हात बघायचे, काका? तुम्हीच सांगता ना रोज?"

 घरामागे, खड्ड्याच्या दिशेने त्यांची नजर गेली आणि ते निघून गेले. पुढचे दोन दिवस खिडकीत कुणी आलं नाही. पहिल्या दिवशी मी झाकण न ठेवता भात शिजवला, आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी आपणहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. उरलेली पूड बादलीत कालवून ठेवलेली होती. माझ्या देखत त्यांनी ती स्वतःच्या खड्ड्यात ओतली, वरून पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या, आणि म्हणाले, "हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं."

दोन-तीन दिवस गेले असतील. सकाळी मी शाळेत जायला निघाले होते. भागीआजी पाखाडीच्या पायऱ्या चढून, कमरेवर कळशी घेऊन वर येताना दिसली. प्यायला नेत नव्हते तरी गुरांना आणि भांड्यांना त्या बावीचंच पाणी लागायचं. तिने काकांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, कळशी टेकवली, आणि उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या पातेल्यात पाणी ओतलं. पोपटासारखं हिरवंगार पाणी.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "बावीत ॲटम पडला काय वो?"

काका पायरीवर बसले. त्यांचा हात छातीवरच्या डबीकडे गेला आणि तिथेच राहिला. "नाही आजी," ते म्हणाले, "रंग माझा आहे. आणि घाणसुद्धा माझ्याच घरची."

आजीला काही उमजलं नाही. ती त्यांनाच चक्कर आली की काय म्हणून पाणी विचारू लागली. मला मात्र सगळं उमजलं. आधी ह्यांची नोकरी वाचली म्हणून इतका आनंद झाला की मला ओरडावंसं वाटलं. आणि मग पायरीवर बसलेला तो म्हातारा माणूस दिसला. आजी गेल्यावर मी त्यांना सुचवलंदेखील. रंग काही दिवसांत विरून जाईल. अर्ज मागे घ्या, खड्डा बुजवून टाका. कुणाला काय कळतंय?

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "झाकण पातेल्यावर ठेवतात."

दुपारच्या उन्हात ते सरकारी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून आले. संध्याकाळी कारखान्याच्या मालकाकडे गेले, त्याची माफी मागितली, आणि तिथेच बसल्या बसल्या पलीकडच्या पऱ्यात घाण सोडतोस त्याचं काय करणार म्हणून त्याच्याशी भांडूनही आले. आमचे हे सोमवारी कामावर गेले. ट्रंक परत माळ्यावर चढली. खड्ड्यात काहीच जाऊ नये म्हणून काकांनी दोन्ही संडासांची नळी तोडली, गाईंचं शेण गोबर गॅसमध्ये टाकणं बंद केलं, आणि आमच्या दोन्ही शेगड्यांतली निळी ज्योत बारीक होत होत विझली. त्यांना चुलीत लाकडं सारताना बघून मला भडभडून आलं. जाळ करायचीसुद्धा सवय राहिली नव्हती त्यांना, डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. धुराचंच, असं ते म्हणाले.

वाडीला मात्र अजून सांगायचं राहिलं होतं. बायकांना आपली कामं परत मिळाली यातच सगळे खूश होते. हिरव्या पाण्याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही. साहेबांनी औषध टाकलं असेल, अशी समजूत होऊन बसली होती.

वैशाखात वाडी बाव उपसते. त्या वर्षी तर ती तळापर्यंत उपसायची होती. उपसण्याआधी काठावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. वाडीचा गावकर देवाला मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. काका दरवर्षी उपसायला येत, पण गाऱ्हाण्याच्या वेळी लांब फणसाखाली पाठीमागे हात बांधून उभे राहत. देव त्यांना मान्य नव्हता.

गावकराने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरा बाव उपसाया जमली हायत..."

"व्हय म्हाराजा."

"पाण्यात काय इडापिडा शिरली आसंल, कोणाची नजर लागली आसंल..."

काका फणसाखालून पुढे आले. त्यांनी गावकराच्या खांद्याला हात लावला आणि नारळ मागितला. गावकराने गोंधळून तो त्यांच्या हातात दिला. काकांना ते शब्द तोंडपाठ नव्हते, पण आवाज शाळेत धडा वाचल्यासारखा स्पष्ट होता.

"बा देवा महाराजा," ते म्हणाले, "पाण्याला नजर लागली नव्हती. या बावीत घाण गेली ती वरच्या कारखान्याची नव्हती. ती माझ्या घरची होती, माझ्या संडासाची होती. खड्ड्याला सिमेंट लावायचं मीच नाकारलं. मला पाण्याची विद्या येत होती, तरी मी आपल्या खड्ड्याकडे बघितलं नाही. पोरं आजारी पडली ती माझ्यामुळे."

आणि ते थांबले. गाऱ्हाण्यात वाक्य संपलं की काय म्हणायचं ते ठरलेलं असतं, पण कुणाच्या तोंडातून शब्द फुटेना. म्हणायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर, तुम्हीच केलंत, असं कबूल करायचं. बायका खाली बघत होत्या. गावकर त्यांच्या हातातल्या नारळाकडे बघत होता. 

भागीआजी पुढे झाली. नातू तिच्या पदराला धरून होता. तिने काकांकडे सरळ बघितलं. "व्हय म्हाराजा," ती म्हणाली. मग सगळी वाडी म्हणाली. जोराने नाही, पण सगळी म्हणाली.

काकांनी मान हलवली आणि नारळ परत द्यायला हात पुढे केला. आजीने त्यांचा हात तसाच धरून ठेवला. गाऱ्हाणं तिथे संपत नाही, मागणं राहतं. ते मागणं काकांनी मागितलं नव्हतं, मागणारही नव्हते. ते आजीने मागितलं.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, "शाना मानूस चुकला. त्याची चूक पदरात घे. बावीचं पानी गोड कर. नि ह्या मानसाला हितंच, आमच्यात ऱ्हाव दे."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली, या वेळी सगळ्या जोराने. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, जरा मागाहून, आणखी एक आवाज आला. घोगरा, ते शब्द म्हणायची सवय नसलेला. मी वळून बघितलं. काका डोळे मिटून, नारळ दोन्ही हातांत धरून "व्हय म्हाराजा" म्हणत होते.